पाटीवर सातच

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या कंपनीच्या फाटकावर एक जाड रजिस्टर असतं. लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, विजेवर चालणारं काहीही आत न्यायचं म्हटलं की त्यात नोंद करावी लागते: वस्तू, नग, वेळ, सही. दिवाळीच्या पंधरा दिवस आधीच्या एका गुरुवारी माझ्या पिशवीतून निघालेली वस्तू पाहून फाटकावरचे काका थबकले. तळहातावर मावणारा करड्या रंगाचा डबा, वर पडदा, खाली डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे चार गोल बटणं.

"हे काय होय भाऊ?"

"गेम खेळायचा डबा आहे काका. टीव्हीला लावून खेळायचो ना लहानपणी, ते जुने गेम."

"चालू करा बरं."

पडदा उजळला. नावांची लांबलचक यादी आली. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि रांगेतल्या लोकांकडे न बघता यादी वाचू लागले.

"किती गेम आहेत म्हणते यात?"

"पंधरा हजार."

"मोजले का?"

"नाही."

"मंग कोणं मोजले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागचा माणूस घड्याळाकडे बघू लागला. काकांनी रजिस्टरात लिहिलं, 'गेमचा डबा, नग १', आणि डबा परत देताना म्हणाले, "तीन वाजता माही ड्यूटी सुटते. टपरीवर या. हा डबा घेऊन या."

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठे मोडतो ते शोधायचं, कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक दावा स्वतः करून पाहायचा, याचाच पगार मला मिळतो. आणि त्या दिवशी एका पहारेकऱ्यानं मला तीन शब्दांत विचारलेला प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. खोक्यावर पंधरा हजार लिहिलेलं होतं म्हणून मी पंधरा हजार म्हणालो.

डबा घ्यायचं कारण माझा भाचा. ताई चिंचभवनला राहते, पोरगं नऊ वर्षांचं. ताईच्या मोबाइलवर तो एक गेम खेळायचा. दर दोन मिनिटांनी जाहिरात, जाहिरातीत दुसरा गेम, त्या गेममध्ये नाणी विकत घ्या म्हणून लुकलुकणारं बटण. एके दिवशी ताईच्या खात्यातून ७९९ रुपये गेले. पोराला तर ठाऊकही नव्हतं आपण काय दाबलं ते. ताईनं त्याला मारलं, मग स्वतः रडली, आणि मला फोन केला. मी जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट सांगितली तेव्हा कळलं, की आमच्या टेबलावरच्या सहाही जणांच्या घरी थोड्याफार फरकानं हेच चालू आहे. इंटरनेट नाही, जाहिरात नाही, नाणी नाहीत असं काहीतरी मुलांच्या हातात द्यावं, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यातूनच या डब्याचा विषय निघाला.

बाजारात याला 'आर ३६ एस' म्हणतात. तेव्हा तो दुकानागणिक अडीच ते चार हजारांच्या दरम्यान मिळत होता. सीताबर्डीवर मोदी नंबरच्या गल्लीतल्या एका दुकानदारानं आम्हाला २,८०० सांगितले, सहा घेतले तर २,५०० ला एक देतो म्हणाला, आणि पूर्ण पैसे अनामत ठेवून घेऊन एक नमुना चार दिवसांसाठी दिला. कॅन्टीनमध्ये एकानं लगेच तक्ता केला. पडदा साडेतीन इंची, ६४० बाय ४८०. आत आरके ३३२६ नावाची चिप, चार कोअर, रॅम १ जीबी. कार्ड ६४ जीबीचं. खेळ पंधरा हजार. शेवटच्या रकान्यात त्यानं किमतीला खेळांच्या संख्येनं भागलं आणि आनंदानं म्हणाला, "एक गेम सतरा पैशांना पडतो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तीन वाजता टपरीवर गेलो. काकांनी तर्री पोहे सांगून ठेवले होते, त्यावर वेगळा चणा. गणवेशाची टोपी बाकावर, समोर वर्धा रोडकडून येणारी धूळ, आणि वरून धावपट्टीकडे उतरणारं विमान. काका शिवणगावचे. मिहान होण्याआधी या भागात त्यांच्या घरचं वावर होतं. तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पोहे खाता खाता त्यांनी मला त्यांच्या पार्लरची गोष्ट सांगितली.

१९९५ च्या सुमाराची गोष्ट. काका तेव्हा विशीतले. भावाबरोबर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत व्हिडीओ गेमचं पार्लर काढलं होतं. दोन जुने टीव्ही, दोन गेम. जपानमध्ये निन्टेंडो कंपनीनं १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र आणलं. त्याच्या स्वस्त नकला पुढे जगभर पसरल्या. आपल्याकडे लिटल मास्टर, मीडिया, समुराई या नावांनी जी यंत्रं घरोघरी आली, त्यांवर चालायचे ते फॅमिकॉमच्याच कुळीतले खेळ. पिवळ्या किंवा काळ्या रंगाची कॅसेट वरून खोचायची, नाही चालली तर फुंकर मारायची. ज्यांचं बालपण त्या दशकातलं, त्यांच्या ओठांना ती फुंकर अजून आठवत असेल.

"दहा मिनिटाचा एक रुपया," काका म्हणाले. "सीताबर्डीवरून एक कॅसेट आणली. वर लिहून होतं, ९९,९९९ इन १. आम्ही लय खूश. पाटीवर खडूनं मोठ्ठं लिहिलं, ९९,९९९ गेम. पोट्ट्यायची ही गर्दी!"

"मग?"

"आठ दिवसांनी एक पोट्टा रडून राहिला. म्हणे, काका, माहा रुपया संपला अन् म्या गेमच नाही खेळलो. म्या म्हटलं, काऊन बे? तर थो दहा मिनिटं मेनूतच फिरून राहिला होता. खाली, खाली, खाली. याच्याहून चांगला पुढं असन, त्याच्याहून चांगला त्याच्या पुढं असन. त्याचा रुपया मेनूनंच खाल्ला."

त्या रात्री दोघं भाऊ पार्लर बंद करून बसले आणि एकेक नाव उघडून पाहू लागले. पहाटेपर्यंत त्यांना कळलं, की खरे खेळ सातच आहेत. बाकी त्याच सातांचे कपडे बदललेले. मारिओ पहिल्या पातळीपासून, मारिओ तिसऱ्या पातळीपासून. कॉन्ट्रा तीन जिवांचा, कॉन्ट्रा तीस जिवांचा. यादी एका टप्प्यानंतर फिरून परत पहिल्या नावावर यायची. अशा कॅसेटींचं तंत्रच ते होतं: आतल्या चिपमध्ये जागा थोडी, खेळ मोजके, आणि मेनूतली प्रत्येक ओळ त्याच मोजक्या खेळांपैकी एकाच्या वेगवेगळ्या दाराशी नेऊन सोडायची.

"सकाळी म्या पाटी पुसली अन् सात नावं लिहिली. भाऊ म्हणे, येडा झाला का, आपल्याजवळ कोण येईन? चौकात दुसरं पार्लर होतं, त्याच्या पाटीवर ९९,९९९च होते. पहिले चार दिवस आमच्याकडं कुत्रं नाही आलं."

"आणि मग?"

"मंग आले. दहा मिनिटं पूर्ण खेळाले भेटतात म्हणून आले. पोट्टा आत आला का म्या विचारो, सातातला कोणता? थो सांगे, म्या लावून देओ. चार वर्षं चाललं पार्लर. पाटीवर सातच."

मग त्यांनी हात पुसले, डबा मागितला आणि यादीतून कॉन्ट्रा शोधला. नाव लिहिलेला पडदा आल्यावर त्यांचा अंगठा आपोआप चालला: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, मग दोन बटणं. जीव वाढवायची ती जुनी किल्ली. पंचवीस वर्षांनी त्यांच्या अंगठ्याला ती पाठ होती, आणि डब्यानं ती पहिल्या झटक्यात ओळखली. मला वाटलं, काका गंमत करताहेत. ते तर बटणं तपासत होते. आठ दिशांपैकी एकही दाब चुकीचा गेला असता तर किल्ली लागली नसती.

"आता पाहा," ते म्हणाले, आणि त्यांनी फक्त खालचं बटण दाबलं. पडद्यावरचा शिपाई जमिनीवर पालथा झाला. "हलक्या डब्यात काय होते, खाली दाबलं का अंगठ्याखाली बाजूचंही दबते. शिपाई झोपाच्या जागी चालाले लागते अन् मरते. पोट्टा म्हणते मलेच खेळता येत नाही. त्याले येते, बटणाले येत नाही." वीसेक वेळा त्यांनी शिपायाला झोपवलं, उठवलं, झोपवलं. दोनदाच तो तिरपा सरकला. "हाताले बरा आहे. आता बाकीचं तुम्ही पाहा. तुम्ही इंजिनिअर लोक."

शनिवारी सकाळी मी टेबल मोकळं केलं आणि जे काम मी कंपनीसाठी रोज करतो ते भाच्यासाठी करायला बसलो.

आधी चार्जिंग. माझ्या लॅपटॉपचा, दोन्ही टोकांना सारखीच पिन असलेला चार्जर लावला. दिवा लागला नाही. वहीत 'बॅटरी मेलेली' असं लिहायला पेन टेकवलं होतं, तेवढ्यात थांबलो. ड्रॉवरमधला जुना, रुंद तोंडाचा मोबाइल चार्जर काढला, त्याची केबल लावली, आणि लाल दिवा लागला. कारण साधं आहे. नवे चार्जर समोरचं यंत्र ओळखल्याशिवाय वीज सोडत नाहीत, आणि त्या ओळखीसाठी यंत्राच्या आत ५.१ किलोओहमचे दोन चिमुकले रोधक लागतात. अनेक स्वस्त यंत्रांत ते बसवलेले नसतात. जुना चार्जर ओळखपाळख न विचारता पाच व्होल्ट देतो. हे माहीत नसलेला माणूस चांगला डबा मेला म्हणून फेकून देईल.

मग मागचे स्क्रू काढून बॅटरी पाहिली. सपाट होती. हे न चुकता, खरं तर चार्जर लावण्याआधीच, पाहावं, कारण फुगलेली बॅटरी चार्जही करायची नसते आणि टोचायचीही नसते, तसा डबा सरळ परत करायचा. पूर्ण चार्ज करून खेळ लावून ठेवला, घड्याळ मांडलं. साडेचार तास चालला. नऊ वर्षांच्या मुलाला साडेचार तास म्हणजे आठवडाभर.

आता मुख्य प्रश्न, डबा काय काय चालवतो. या डब्यात जुन्या यंत्राची चिप नसते. आतला प्रोग्राम जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतो आणि खेळाला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत. आपल्या गावात बहुरूपी यायचा ना, पोलिसाचा वेश घेऊन दारात उभा राहिला की घरातले खरोखर दचकायचे, तसंच हे. पण बहुरूप्यालाही अंगापिंडानं झेपेल तोच वेश घेता येतो. फॅमिकॉमची चिप १.७९ मेगाहर्ट्झची, या डब्याची सुमारे दीड गिगाहर्ट्झ, म्हणजे आठशे पटींहून जास्त. ते सोंग डबा सहज वठवतो. १९९४ चं प्लेस्टेशनही छान चाललं, आणि त्याच्या ३२० बाय २४० च्या चित्राची बरोबर दुप्पट म्हणजे हा ६४० बाय ४८० चा पडदा, त्यामुळे चित्रही नीट बसलं. १९९६ च्या निन्टेंडो ६४ वर मात्र आवाज अडखळू लागला. २००४ च्या पीएसपीचे जड खेळ तर चिखलातून बैलगाडी ओढावी तसे चालले. खोक्यावर ही सगळी नावं एकाच आकाराच्या अक्षरात होती.

मग यादी. एकच फोल्डर घेतला आणि काका आणि त्यांच्या भावासारखा एकेक नाव उघडत गेलो. तोच खेळ जपानी नावानं, तोच अमेरिकी नावानं, तोच मधलं चित्र बदलून. काही नावं उघडलीच नाहीत, काळा पडदा यायचा आणि परत यादी. ती का उघडत नाहीत हे कळायला पहाट झाली.

कार्डावरचा सगळा ऐवज आधी लॅपटॉपवर उतरवून घेतला. मग एफ-थ्री नावाचा एक मोफत प्रोग्राम लावला. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि मग भरलेलं सगळं परत वाचून पाहतो, जे लिहिलं तेच आहे का. रात्री सव्वादहाला लावला. भरणं मध्यरात्र उलटून संपलं, एकही तक्रार नाही. परत वाचणं सुरू झालं. पहिली दहा जीबी ठीक. वीस ठीक. तिसाव्याच्या आसपास लाल ओळी येऊ लागल्या आणि मग शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. कार्डावर ६४ छापलेलं होतं, जागा निम्म्याहून कमी होती. बुडाला भोक पडलेल्या कणगीत धान्य ओतत राहावं आणि कणगीनं "घेतलं, घेतलं" म्हणत राहावं, तसं ते कार्ड लिहिलेलं घेत होतं आणि सांडत होतं. काळे पडदे त्या सांडलेल्या भागातले होते. मुलानं महिनाभर खेळून साठवलेली प्रगती त्या भागात जाऊन पडली असती, तर एक दिवस ती दिसलीच नसती.

उतरवलेला ऐवज कार्डावर परत टाकला आणि रविवारी डबा ताईकडे नेला. भाच्याला काही सांगितलं नाही, फक्त हातात दिला आणि शेजारी बसलो. तो आनंदानं ओरडला. मग यादीत शिरला. एक खेळ उघडला, अर्ध्या मिनिटात बंद केला. दुसरा. तिसरा. मग उघडणंही थांबलं, नुसता अंगठा खाली, खाली, खाली. मी घड्याळ पाहत होतो. चाळीस मिनिटांत त्यानं एकही पातळी पुरी केली नाही. शेवटी डबा मांडीवर ठेवून म्हणाला, "मामा, यात चांगला कोणता आहे?"

त्याचा रुपया मेनूनं खाल्ला होता.

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी हे सगळं मांडलं. तक्ता करणारा मित्र चिडला. "म्हणजे भंगार आहे. मी म्हणतच होतो, स्वस्त म्हणजे भंगार." हे त्यानं आधी म्हटलेलं मला आठवत नाही, पण त्या वाक्यावर मला गप्प बसवेना. स्वस्त असणं हा वस्तूचा दोष आहे असं मी मानत नाही. निन्टेंडोतले गुनपेई योकोई यांचं तत्त्वच होतं, की जुनं झालेलं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. १९८९ मध्ये त्यांच्या चमूनं गेम बॉय काढला तेव्हा त्याचा पडदा रंगीतही नव्हता, हिरवट पार्श्वभूमीवर काळपट चित्र. त्याच काळात अटारीचं लिंक्स आणि सेगाचं गेम गिअर रंगीत पडदे घेऊन आले, आणि काही तासांत सहा सेल पिऊन टाकू लागले. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा, खिशात राहायचा, पडला तरी टिकायचा. त्याच्या पुढच्या रंगीत आवृत्तीसह ११ कोटींहून जास्त नग विकले गेले. योकोईंनी पोराचा खिसा आणि प्रवासाचे तास मोजून वस्तू बनवली होती, आणि ती जे नव्हती ते खोक्यावर लिहिलं नव्हतं.

काकांना तीन वाजता निकाल सांगितला. ते म्हणाले, "मंग डबा खोटा नाही. डब्यावर लिहिलेलं खोटं आहे. लिहिलेलं पुसा अन् डबा ठेवा."

तेच केलं. आम्ही पाच जण दुकानात गेलो आणि म्हटलं, डबे द्या, कार्डं तुमच्याकडे ठेवा, त्याचे पैसे कमी करा. दुकानदारानं माझ्याकडच्या तपासणीचे फोटो पाहिले, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि प्रत्येक डब्यामागे तीनशे रुपये सोडले. नावाजलेल्या कंपनीची कार्डं आम्ही वेगळी घेतली, आणि घेतल्यावर तीही काठोकाठ भरून वाचून पाहिली. सहावा मित्र थांबला नव्हता. त्यानं आदल्याच रात्री ऑनलाइन तसाच दिसणारा दुसरा डबा मागवला होता, तीनशे रुपयांनी स्वस्त, वीस हजार खेळांचा. सतराव्या दिवशी त्याचं कार्ड गेलं, आणि त्याबरोबर त्याच्या मुलीनं शेवटच्या टप्प्यापर्यंत नेलेला खेळही. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही असं त्यानं मला सांगितलं तेव्हा तो स्वतःही फार बोलत नव्हता. त्याचं कार्ड मी बसवून दिलं.

माझं कार्ड बसवताना एक धडा मलाही मिळाला होता. नव्या कार्डावर आर्क ओएस ही प्रणाली टाकली आणि पहिल्यांदा चालू केलं तर आवाज आला, पडदा काळा. या डब्यांत वेगवेगळ्या खेपांना वेगवेगळे पडदे बसवलेले असतात, आणि प्रत्येक पडद्याची ओळख सांगणारी एक छोटी फाइल लागते. ती जुन्या कार्डावर होती. मी ऐवज आधी उतरवून घेतला होता म्हणून वाचलो. ती फाइल नव्या कार्डावर ठेवली, पडदा लागला. जुनं कार्ड कितीही वाईट असो, त्याची नक्कल घेतल्याशिवाय ते परत करू नका.

राहिला प्रश्न खेळांचा. लॅपटॉपवर उतरवलेले ते हजारो खेळ मी नव्या कार्डावर टाकले नाहीत. भाच्यानं रविवारी विचारलं होतं, "मामा, हे एवढे गेम कोणी बनवले?" आणि मला जाणवलं, की ज्यांनी बनवले त्यांना यातला एक पैसाही गेलेला नाही. नक्कल करणारा प्रोग्राम वेगळा आणि खेळाची फुकट उचललेली प्रत वेगळी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगणकाच्या प्रोग्रामला पुस्तकासारखंच संरक्षण आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामवर माझं घर चालतं. मी भाच्याला चोरीचा माल देऊन वर प्रामाणिकपणा शिकवू शकत नव्हतो. मग ज्यांच्या कर्त्यांनी स्वतःच ते मोफत दिले आहेत असे खेळ शोधले. दाइसुके अमाया या जपानी माणसानं पाच वर्षं एकट्यानं खपून २००४ मध्ये फुकट दिलेला 'केव्ह स्टोरी'. गेम बॉयसाठी अलीकडच्या काळात नव्यानं लिहिलेला 'टोबू टोबू गर्ल', ज्यात एका मुलीचं मांजर फुग्यांबरोबर आकाशात उडून गेलंय आणि ती ढगाढगांतून उड्या मारत त्याच्या मागे निघाली आहे. फॅमिकॉमसाठी तयार केलेला 'नोव्हा द स्क्विरल'. असे एकेक खेळून पाहिले, मुलाला झेपतील ते ठेवले. आठ भरले.

काकांना सांगितलं, की कॉन्ट्रा यात नाही, तो कोनामी कंपनीचा आहे. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, "आम्हाले तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे तं पाटीवर नको लिहू."

पाडव्याला डबा भाच्याला दिला. आठही नावं त्यानं स्वतःच्या अक्षरात एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या पाठीला चिकटवली आहेत. रोज अर्धा तास, अभ्यास झाल्यावर. ताईच्या मोबाइलला तो आता हात लावत नाही असं म्हणणार नाही, लावतो, पण तो गेम तिनं काढून टाकलाय आणि त्यानं तो परत मागितलेला नाही. आठांपैकी तो एकच खेळतो. मुलगी आता ढगांपर्यंत पोचली आहे, मांजर अजून सापडायचं आहे.

मागच्या आठवड्यात एक बटण अडकत होतं म्हणून मी डबा दुरुस्तीला पिशवीत घातला होता. फाटकावर काकांनी तो बाहेर काढला, उलटा केला, चिठ्ठी वाचली, बोटानं नावं मोजली आणि रजिस्टर पुढे ओढलं. वस्तूच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: गेमचा डबा, नग १, खेळ ८, मोजलेले.